विळेवालीची पेंडी

आमच्या भिंतीवरच्या देवीला घरात कुणी देवी म्हणत नाही, विळेवाली म्हणतात; याला कारण आमच्याकडे सरपण विकायला येणारी मोळीवाली.

विलायतेला परतलेल्या साहेबाने मागे ठेवलेलं ते जुनं छापील चित्र. रोमन लोकांची सुगीची देवी, हातात विळा, काखेत कणसांची पेंडी. चांद्याकडे धान कापणीची मजुरी पेंड्यांतच मिळते. सरपण टाकून मोळीवाली चित्रापुढे थबकली, पदराने काच पुसून म्हणाली, "हसून राह्यली! मालकानं पेंडी मोठी देल्ली वाटते."

"बाई, ती देवी आहे. रोमची."

"असू द्या. कापाले कुठी जाते ते सांगा, मीबी जातो."

"समुद्रापलीकडे."

ती खळखळून हसली. "मंग राहू द्या भाऊ. एवढी पेंडी डोक्यावर घेऊन पोहत कशी येऊ?"