पुलाचे पेढे

समोरच्या फ्लॅटमधला यूसुफ येमेनचा. पुण्यात शिकता शिकता मराठीही शिकलेला. त्याच्या गावाजवळ परदेशी मदतीतून पूल झाल्याचं पेपरात वाचलं आणि मी अतिशहाणा पेढे घेऊन त्याच्या दारात हजर! पेढ्याकडे निघालेला त्याचा हात हवेतच थांबला.

"काका, पूल बांधणाऱ्या त्या देशातच माझा भाऊ आसऱ्याला आहे. आता म्हणतील, तुमचं गाव सुधारलं, परत जा."

"मग चांगलंच की!" माझी जीभ कुठली थांबायला!

"अब्बांना मारणारे अजून गावातच आहेत."

दुसऱ्याचं भलं आपण किती लांबून ठरवतो! सिमेंटच्या साध्या पुलाची मला धडकी भरली.

आत फोन वाजला. "भावाचाच," रिंगवरून ओळखून यूसुफ म्हणाला. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.