हजारो चाहते आणि पहिली रांग

आल्या-गुळाच्या ताज्या खाज्याचा वास आला की देवबागच्या जत्रेतली ती डबलबारी आठवते, दोन बुवांच्या भजनांचा सामना. एका तरुण बुवाचे मोबाइलवर हजारो चाहते दिसले, म्हणून आम्ही जत्रा भरवणाऱ्यांनी त्याला बोलावलं आणि मी जादा खुर्च्या मागवल्या. त्या रिकाम्याच राहिल्या. चाहते पैसे देऊन मिळवलेले होते. डबलबारीत समोरच्याला डिवचायची रीतच असते. समोरच्या बुवांनी विचारलं, "बुवानू, तुमचे इकत घेतलेले चाहते खंय दडले?" मांडव हसला. तरुण बुवाची बोटं पेटीवरच थांबली. तेव्हा पहिल्या रांगेतून त्याची आई उठली. "मी आसंय ना रे, झिला. तू गा." तो गायला, पण मान वर न करता. यंदा पुन्हा त्यालाच बोलावलंय. खुर्च्या मोजक्याच सांगितल्यात. पहिली त्या माउलीची.