तीन हेलिकॉप्टरं घेऊन तेल्हाऱ्याकडे

"हेलिकॉप्टर पायजे मॅडम. आमचंवालं."

फोनवर तेल्हाऱ्यापलीकडच्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. अमरावतीच्या एका प्रदर्शनात माझी लाकडी विमानं त्यांनी पाहिली होती. बँकेतली नोकरी सांभाळून मी हा उद्योग करते. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या गावाला पुरानं वेढलं होतं, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं माणसं काढली होती. त्याची प्रतिकृती त्यांना शाळेत ठेवायची होती.

"कोणतं हेलिकॉप्टर होतं, सर?"

"मोठं होतं."

"मोठ्यातही प्रकार आहेत. एमआय-आठ, एमआय-सतरा, त्यात पुन्हा नवं व्ही-फाइव्ह..."

"हिरवं होतं, मॅडम."

रंगावरून काही कळत नाही. ही तिन्ही एकाच घराण्यातली, दुरून सारखीच दिसणारी. म्हणून मी ठरवलं की तिन्ही करायची, गाडीत घालायची आणि गावालाच विचारायचं. तसं पाहिलं तर हौस माझीच होती. गावानं फक्त निमित्त दिलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी निघाले. गिला वडा खाल्ल्याशिवाय अमरावती सोडायची नाही हा माझा नियम, तोही पाळला. परतवाड्यापर्यंत रस्ता चांगला आहे, सव्वा-दीड तास धरा. गाडी नसेल तर एसटी भरपूर आहेत, मात्र पुढे अंजनगाव, अकोट असं बदलत जावं लागतं. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. तिथे थांबा, चव पाहा आणि मगच घ्या.

अचलपुरात रिझवानभाई वाट पाहत होते. ते लाकूड कातायचा खराद चालवतात. पलंगाचे पाय, पोळपाट आणि गेली काही वर्षं माझ्या विमानांची अंगं. हातभर लांबीची तीन हेलिकॉप्टरं त्यांनी जुन्या चादरीत बाळासारखी गुंडाळून ठेवली होती.

"मॅडम, तीनही एकसारखेच हायेत. तुमी उगाच तीनदा काम करून घेतलं."

मी शेपटीचा पंखा दाखवला. जुन्या एमआय-आठचं पुढचं दार डावीकडे आणि शेपटीचा पंखा उजवीकडे. एमआय-सतरात पंखा डावीकडे आणला, म्हणजे दाराच्याच बाजूला. व्ही-फाइव्हचं नाक लांब निमुळतं, आणि मागे कपाटासारखी दोन दारं जाऊन तिथे खाली उघडणारी उतरती फळी आली.

"म्हंजे दार आन् पंखा एका बाजूले का दोन बाजूले, एवढंच पाहाचं?"

"एवढंच."

"मंग मी येतो. हे पाहाले पायजे." दुकानाला कुलूप लावून ते गाडीत बसलेसुद्धा.

परतवाडा ते अकोट हा पट्टा मला फार आवडतो. उजव्या हाताला सातपुडा सोबत चालत राहतो, डावीकडे काळ्या रानात तूर उभी, मध्येच वेचणीला आलेली कपाशी. रस्ता काही ठिकाणी खणून ठेवलाय, तिथे घाई करू नका. आमच्या हेलिकॉप्टरांना एवढे धक्के बसले की रिझवानभाईंनी एक मांडीवरच घेतलं. अंजनगावाच्या पुढे एका साध्या भोजनालयात वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा खाल्ला. दोघांचं पोटभर जेवण दोनशेच्या आत झालं. मालकानं मांडीवरचं हेलिकॉप्टर पाहून विचारलं, "लेकराले नेऊन राहिले काय?"

"नाई, गावाले," रिझवानभाई म्हणाले.

दुपार कलता कलता पोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. शाळेच्या व्हरांड्यात सरांनी अकोटी सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि बोलावलं होतं त्याच्या चौपट माणसं जमली होती. तिन्ही हेलिकॉप्टरं मी टेबलावर ओळीनं ठेवली. लांब नाकाचं व्ही-फाइव्ह लगेच बाद झालं. "हे नोहे. आमचं नकटं होतं," असं सगळे एका सुरात म्हणाले.

उरलेल्या दोनांवर मात्र जुंपली.

एक बाजू म्हणे पंखा दाराकडेच होता. दुसरी म्हणे पलीकडे. आवाज चढायला लागले तसं मला गाव समजून घ्यावं लागलं. पूर आला तेव्हा वरच्या आळीतली माणसं शाळेच्या उंचवट्यावर अडकली आणि खालच्या आळीतली कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या छतावर. मधे नुसतं पाणी. नंतर वरच्या आळीचं सडकेकडे पुनर्वसन झालं. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं लग्नकार्यापुरतीच भेटतात.

जिनिंगवाल्यांची गोष्ट सुदामभाऊंनी सांगितली. धिप्पाड माणूस, बोलताना टेबलावर थाप मारायची सवय. "सकाळीच हेलिकॉप्टर आलं होतं मॅडम. आमच्या डोक्यावर एक चक्कर मारली. अन् ह्या नाम्यानं त्याले लाल चादर दाखवली! लाल म्हंजे थांबा. थे गेलं न वापस! दिवसभर आमी पावसात उपाशी बसून राह्यलो. मंग संध्याकाळच्या वक्ती थेच हेलिकॉप्टर आलं, तवा सुटलो. तवापासून याचं नाव हाकल्या."

सगळे हसले. भिंतीला टेकून बसलेले नामदेवकाका हसले नाहीत. सत्तरीचे असतील, किडकिडीत, पांढरी टोपी. त्यांच्या लग्न झालेल्या मुलीलाही सासरी 'हाकल्याची पोरगी' म्हणतात, हे मला सरांनी हळूच सांगितलं.

"सकाळचं येगळं होतं," नामदेवकाका म्हणाले. "किती डाव सांगू? थे भरेल होतं. दारात मले मानसं दिसली."

"घ्या! याले आभायात मानसं दिसली," सुदामभाऊ म्हणाले, आणि पुन्हा हशा.

मला काय सुचलं कोण जाणे. मी दोन्ही हेलिकॉप्टरं उचलली आणि म्हटलं, "आधी जिनिंगवरची माणसं इकडे बसा. शाळेवरची तिकडे. आता एकेकानं सांगा."

जिनिंगवाल्यांना दोरानं दारातून वर ओढून घेतलं होतं. लटकत असताना पंखा त्याच बाजूला मागे गरगरत होता, याबद्दल एकाचंही दुमत नव्हतं. सुदामभाऊंनी एमआय-सतरावर बोट ठेवलं. "हे. शपथेवर हे."

शाळेच्या बाजूनं हिरव्या लुगड्यातल्या वच्छलाकाकू पुढे आल्या. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर उंचवट्यावरच उतरलं होतं. "दार शायेकडं होतं. माही बकरी सुटून दाराच्या पलीकडल्या आंगानं पयाली, निंबाकडं. मी तिच्या मांगं. तं फौजी वरडला, तिकडं पंखा हाय! मले दंडाले धरून वढत आनलं." त्यांनी अजिबात न चाचरता एमआय-आठ उचललं. त्यांच्या बाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

रिझवानभाईंना राहवेना. "अरे भाई, मंग दोन झाले न! दोन येगयेगळे!"

"काकू, तुम्हाला केव्हा नेलं?" मी विचारलं.

"सकायीच."

"आणि वरून काही दिसलं का?"

"दिसलं न. जिनिंगवरून चक्कर मारली आमी. गोल खिडकीतून पायलं, कोनीतरी लाल चादर हालवून राह्यला. मी फौज्याले दाखवलं. पन आमीच एकमेकाच्या मांडीवर बसेल, जागा कुठं होती? त्यानं पायलं, मंग समोर जाऊन कानावरच्या यंत्रात काहीतरी बोलला."

नामदेवकाका उठून उभे राहिले होते.

"वयनी, हे तुमी आजवर सांगतलं काऊन नाई?"

"कोनी इचारलंच नाई, भाऊजी! अन् तुमाले हाकल्या म्हन्तात थे मले वाटे, तुमी शेतातले पोपट हाकलता म्हून."

यावर जो हशा उसळला त्यात नामदेवकाकाही होते. हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि बराच वेळ ती खाली घेतली नाही. सुदामभाऊ टेबलावर थाप मारायचं विसरले होते. ते जवळ गेले, नामदेवकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाम्या, म्हंजे तुया चादरीनंच आपल्याले सोडवलं."

"मी तं सांगूनच राह्यलो होतो बे."

यंत्रात तो माणूस नक्की काय बोलला हे मी सांगू शकत नाही, आणि सिद्ध तर मुळीच करू शकत नाही. पण हेलिकॉप्टरं दोन होती, आणि सकाळचं भरलेलं होतं, एवढं आता त्या गावात कुणी नाकारत नाही. त्या संध्याकाळी दोन्ही आळ्यांनी मिळून रोडगे लावले. मी किती खाल्ले ते विचारू नका.

रविवारी अकोट, अकोला, मूर्तिजापूर करत परतलो. हा रस्ता लांबचा, पण सपाट. अकोल्यात आलू-पोंगा खाऊन रिझवानभाईंना अचलपूरच्या गाडीत बसवलं. जाताना म्हणाले, "आता कोनी म्हनलं ना का तीनही सारखेच हायेत, त्याले मी सोडनार नाई."

घरी येऊन आठवडा झालाय. शाळेत आता दोन हेलिकॉप्टरं ठेवायची ठरली आहेत, शेवटचा हात फिरवायला ती मी परत आणलीत; तिसरं माझ्या कपाटावर आहे. मी आजवर पंखे, दारं, इंजिनांची तोंडं मोजूनमापून केली, आत माणूस कधीच बसवला नाही. या वेळी गोल खिडकीशी एक हिरव्या लुगड्यातली बाई बसवतेय.

परवा नामदेवकाकांचा फोन आला. "पोरी, दारातला फौजीबी कर. आमाले वढून घेनारा. त्याले मोठी मिशी होती."

तासाभरात वच्छलाकाकूंचा आला. "नामदेवभाऊजी काईबी सांगतात. फौज्याले मिशी नोहती. गुळगुळीत होता, मी जवळून पायला."

मी दोघांनाही हो म्हटलं. एका हेलिकॉप्टरच्या दारात मिशीवाला उभा केलाय आणि दुसऱ्याच्या दारात बिनमिशीचा.