खाली फोटो कोणाचा?

"स्मिता, हा पाय आहे हे कळतंय ना?" भाऊंनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून पुन्हा विचारलं.

खरं सांगायचं तर कळत नव्हतं. मोबाइलवर आलेला बोटभर फोटो मी स्क्रीनवर दहा बाय आठ फुटांचा केला होता. आमच्या धंद्यात याला फोटो फाटणं म्हणतात. लहान फोटो वाजवीपेक्षा जास्त ताणला की त्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. माझ्यासमोर तपकिरी चौकोनांचा ढीग होता. त्यात म्हणे कोणाचा तरी पाय होता आणि पायाखाली पावाचं पीठ.

"ओरिजिनल नाही का?" मी विचारलं.

"ओरिजिनल कुठून आणू? ग्रुपवर आलाय. तू पायाभोवती लाल गोल कर ना. टीव्हीवाले करतात तसा."

मी लाल गोल केला. गोल केल्यावर मलाही पाय दिसायला लागला. स्वतःच्या हाताने केलेल्या गोलाने मीच फसले, तर बाकीच्यांचं काय सांगायचं!

सगळ्यांच्या हातात मोठ्या स्क्रीनचे मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची ही गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ घरतकाकींचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि मी तिथे डिझायनर. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच्या कापडावर छापलेले बोर्ड. वाढदिवस, उद्घाटन, मुलगी दहावी पास, सगळ्याचे. गिऱ्हाईक मागे उभं राहून बोलणार, मी कॉम्प्युटरवर मांडणार आणि मागच्या खोलीतलं मशीन छापणार. शाईचा वास इतका उग्र, की माझा नवरा मी जिन्यात असतानाच दार उघडायचा.

भाऊ आमचं पक्कं गिऱ्हाईक. बोर्डावर ते कित्येक वर्षं 'भावी नगरसेवक' होते. त्यांच्या वाढदिवसाच्या बोर्डात मध्यभागी ते स्वतः, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून मित्रमंडळींचे फोटो, रांगेने. या रांगेतल्या जागेवरून काय भांडणं व्हायची! एकदा एकाचा फोटो अगदी कडेला गेला आणि बोर्ड बांधायचं भोक नेमकं त्याच्या कपाळात पडलं. तो महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता.

त्या दिवशीच्या बोर्डावर मात्र कोणीच शुभेच्छुक नव्हतं. वर 'पनवेलकरांनो, जागे व्हा!' मध्ये तो फाटका फोटो. त्याखाली युनूसभाईंच्या बेकरीचं नाव ठळक अक्षरांत, आणि 'इथला पाव घरी आणू नका'. सगळ्यात खाली 'समस्त जागरूक नागरिक'. नवीन पनवेलमध्ये स्टेशनजवळ एक, बाजारात एक, आणि एक थेट बेकरीच्या समोर लावायचा होता.

हे सुरू झालं टीव्हीपासून. एका न्यूज चॅनलने कुठल्याशा दूरच्या गावातली क्लिप दाखवली, कोणीतरी पायाने पीठ तुडवतंय अशी. ती दिवसभर फिरवली आणि खाली पट्टी लावली, 'तुमच्या शहरातली बेकरी सुरक्षित आहे का?' दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या ग्रुपवर आलं, आपल्याकडेही असंच चालतं. संध्याकाळपर्यंत त्याला युनूसभाईंचं नाव चिकटलं. टीव्हीने विचारलं होतं, मोबाइलने सांगितलं, आणि आता बोर्ड हुकूम सोडणार होता.

गंमत अशी, की युनूसभाईंकडे पीठ मळायचं मशीन होतं. पहाटे ते सुरू झालं की अख्ख्या गल्लीची झोप मोडायची. मी त्याच गल्लीत राहते. शेजारच्या कुलकर्णीबाईंना मी म्हटलं, "अहो, मशीन आहे त्यांच्याकडे. आपण रोज ऐकतो." त्या म्हणाल्या, "मशीन आहे गं, पण मागच्या बाजूला काय करतात कोणाला माहीत? टीव्हीवर दाखवलं ना." कानांनी रोज ऐकलेलं मशीन खोटं आणि एकदा पाहिलेला पाय खरा.

त्या सकाळी मी पाव घ्यायला गेले तेव्हा युनूसभाई काउंटरवर एकटेच होते. फळीवर पावाच्या लाद्या तशाच पडलेल्या. "दो वडापाववालों ने पाव लेना बंद कर दिया, बेटी," ते म्हणाले. "महिनाभर असं चाललं तर भट्टी थंड करावी लागेल. अब्बांच्या वेळेपासून कधी थंड नाही केली." गावात बेकऱ्या आणखीही होत्या. त्यांचंच नाव का आलं, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही. दोघांनाही माहीत होतं.

आणि दुपारी हा बोर्ड माझ्याच स्क्रीनवर. टीव्हीवरचं घरात राहतं, मोबाइलवरचं खिशात राहतं. बोर्ड एकदा नाक्यावर चढला की ते गावाचं मत होतं. मला तो छापायचा नव्हता, पण गिऱ्हाईकाला नाही म्हणायचा अधिकार काकींचा.

काकी मागच्या खोलीतून हात पुसत आल्या. उरणकडच्या माहेरच्या, बोलायला मोकळ्या, आणि हिशोबाला नि माणसाला दोन्हीला पक्क्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच उभं केलं. त्यांनी चष्मा लावून बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला.

"झाक झालाय," त्या म्हणाल्या. "पन खाली फोटो कोनाचा?"

"फोटो नको, काकी. समस्त नागरिक लिहिलंय ना," भाऊ म्हणाले.

"मंग समस्तांचा आन."

"मस्करी नका करू. अर्जंट आहे."

"मस्करी नाय. आमच्या दुकानात जो बोलतो त्याचा फोटो लागतो. तुज्या वाढदिवसाला लागतो, मंग याला का नको?"

असा काही नियम दुकानात आहे, हे मला त्या क्षणी कळलं. बहुधा काकींनाही तेव्हाच कळलं असावं. पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या पत्र्याच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. एका खानावळीचा, हाताने रंगवलेला, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'घरत पेंटर'.

"माजा नवरा परत्येक बोर्डावर नाव टाकायचा. खानावलीतली आमटी बिघडली तरी लोक याला येऊन बोलायचे. तरी टाकायचा. तुमी तं शिकलेली मानसं."

भाऊंना वाटलं, यात काय एवढं? त्यांनी खिशातून मोबाइल काढला. वाढदिवसाला फोटोसाठी मारामारी करणारी पोरं होती त्यांच्याकडे. स्पीकरवर एकेकाला फोन लागला.

पहिला म्हणाला, "भाऊ, बोर्ड एक नंबर! पण माझा फोटो नको, माझं दुकान त्याच्या बाजूलाच आहे." दुसरा सासुरवाडीला निघाला होता आणि फोटोचा नि सासुरवाडीचा काय संबंध हे त्याने सांगितलं नाही. तिसऱ्याचा साहेब चिडला असता. चौथ्याने तर "आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणत फोनच ठेवला. सगळ्यांचा बोर्डाला पाठिंबा होता, आणि सगळ्यांनी काखा वर केल्या. शेवटी एक जण तयार झाला.

"लावा माझा," तो म्हणाला. "पण तुमच्या खाली, भाऊ. तुमचा मोठा पाहिजे."

मी स्क्रीनकडे बघत राहिले, कारण काकींकडे बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

"बरोबर हाय त्याचा," काकी म्हणाल्या. "स्मिते, भाऊंचा काड फोटो. तो कानाला मोबाइल लावलेला. बेश दिसतो त्याच्यात."

भाऊंच्या फोटोंचा माझ्याकडे वेगळा फोल्डर होता. हात जोडलेले, गॉगल लावलेले, मोबाइलवर बोलणारे. सगळे वाढदिवसाचे, त्यामुळे सगळ्यांत तोंडभर हसू. मी मोबाइलवाला उचलून पायाशेजारी ठेवला. एवढ्या फाटक्या बोर्डावर तेवढाच एक फोटो लख्ख होता. भाऊ हसत होते, शेजारी कोणीतरी पीठ तुडवत होतं, खाली बेकरीचं नाव.

भाऊंनी बराच वेळ पाहिलं. "काकी, हे कसंतरीच दिसतंय."

"तुज्याच बेकरीचा उद्घाटन वाटतंय," काकी म्हणाल्या.

मग मात्र भाऊ भडकले. "पनवेलमध्ये तुमचं एकच दुकान नाही. मी दुसरीकडे करतो. आणि पुढचे बोर्डही तिकडेच."

"कर," काकी शांतपणे म्हणाल्या. "पाय खरा हाय का खोटा, मला नाय म्हाईत. मी पायला नाय आनि तू पन पायला नाय. टीव्हीवरची बाय निदान तोंड दाकवून बोलते. तू तं तेवढा पन नाय."

भाऊ तरातरा निघून गेले. मी काकींना म्हटलं, "ते खरंच दुसरीकडे करतील." त्या फोन घेऊन बसल्या. पनवेलमधले निम्मे फ्लेक्सवाले एके काळी घरत पेंटरच्या हाताखाली रंग ढवळायला होते. आता ते आमचे स्पर्धक, भाव पाडणारे, एरवी काकी त्यांचं नाव काढलं तरी नाक मुरडायच्या. त्या दिवशी त्यांनी एकेकाला फोन केला. छापू नको असं कोणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बोर्ड येल. छाप. पन फोटो माग."

मला काकींचं जे कौतुक वाटतं ते यासाठी. बाजूला मी मनातल्या मनात भाऊंना केवढं मोठं भाषण ठोकत होते. त्या भाषणाने बोर्ड थांबला नसता, उलट दोन जास्त लागले असते. काकींनी वाद घातलाच नाही. लोकांना स्वतःचं तोंड बोर्डावर बघायची हौस असते, आणि त्याच तोंडाची भीतीही असते, हे त्या रोज दुकानात बघत होत्या. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पणाला लावलं. माझी तरी हिंमत झाली नसती.

पुढचे काही दिवस मी कामावर जाताना मान वर करूनच चालले. स्टेशनजवळ नाही, बाजारात नाही, बेकरीसमोर नाही. बोर्ड लागलाच नाही.

म्हणून सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. युनूसभाईंचा पाव बरेच दिवस उरत होता. एक वडापाववाला परत आला, दुसरा आलाच नाही. कुलकर्णीबाई अजूनही टोस्ट घेतात, पाव घेत नाहीत. टीव्हीवाले तोपर्यंत दुधाच्या मागे लागले होते. पण भट्टी थंड झाली नाही.

भाऊंचा वाढदिवस आला. बोर्ड आमच्याकडेच आला, कारण फोल्डर आमच्याकडे होता. खाली शुभेच्छुकांची गर्दी इतकी, की मला दोन रांगा वाढवाव्या लागल्या. सासुरवाडीवाला होता, आवाज न येणारा होता, सगळे होते.

त्याच दुपारी युनूसभाई दुकानात आले. "बेटी, भाऊ का फोटो दे दो," ते म्हणाले. "उन्होंने केक मंगवाया है, उस पे छापना है. बोले, चेहरा एकदम साफ आना चाहिये."

मी काकींकडे पाहिलं. त्या दोरी कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दे. मोबाइलवालाच दे. मोठा दे, फाटाया नको."

तेव्हापासून मी कुठलाही बोर्ड खालून वर वाचते. आधी कोपऱ्यात नाव शोधते, मग फोटो. टीव्हीवरची पट्टी आणि मोबाइलवरचे निरोपही हल्ली तसेच वाचते. खाली कोणाचं तोंड सापडलं, तर वर काय लिहिलंय ते बघते. नाहीच सापडलं, तर पिशवी उचलून युनूसभाईंकडे पाव घ्यायला जाते.