परसापर्यंतचा दोर

ओल्या अंबाडीचा वास आला की मला आमची आंधळी आत्या आठवते. देवीच्या रोगात तिचे डोळे गेले आणि नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले. मी तेव्हा चौथीत होते. वैशाखातही ती घोटभरच पाणी प्यायची, त्यामुळे लघवीला जळजळ व्हायची, ताप यायचा. जळगाव जामोदहून आलेल्या वैद्यांनी बजावले, "हिले भरपूर पाणी पाजा." ते गेल्यावर मी विचारले, "आत्या, काऊन पेत नाही वं?" ती म्हणाली, "पेलं की परसात जा लागते. दरखेपी कोनाचा हात धरू? तुही माय म्हन्ते, निघाली महारानीची स्वारी!" मी बैलांसाठी ओल्या अंबाडीच्या वाखाचा नुकताच वळलेला दोर उचलला आणि मागच्या दारापासून परसातल्या तुराट्यांच्या आडोशापर्यंत ताणून बांधला. आई ओरडली, "अवं कार्टे, बैलं काय मोकाट सोडू?" मी म्हटले, "बैलाइले रस्ता दिसते, हिले नाही दिसत." आत्या दोर धरून एकटी गेली, एकटी परत आली आणि उभ्यानेच तांब्याभर पाणी प्याली. पावसाळ्याआधी तिचा ताप गेला. आता माझीही नजर गेल्यात जमा आहे. सून कितीही कामात असली तरी परसात न्यायला मी तिला खुशाल हाक मारते. तहानलेली बसून राहत नाही.