त्यापैकी साखर

चष्मेवाल्याचं सगळं आयुष्य बारीक स्क्रू आणि बारीक अक्षरं यांच्यात गेलं होतं. डोळ्याला भिंग लावलं की औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी ओळही तो घडाघडा वाचायचा. त्यामुळे डॉक्टरांनी ताईला सांगितलं, "आता जेवणातले कार्बोहायड्रेट मोजून इन्शुलिन घ्या, दहा ग्रॅमला एक युनिट," तेव्हा त्याला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम!

ताई त्याची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, भावासोबत दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारी. डायबेटिसनं तिची नजर अधू झाली होती. म्हणून भावानं वाचायचं आणि बहिणीनं हिशेब करायचा, अशी वाटणी ठरली.

"मूसलीची वाटी, पन्नास ग्रॅम. कार्बोहायड्रेट तेहतीस, साखर बारा."

"पंचेचाळीस. दूध?"

"एक कप. कार्बोहायड्रेट दहा, साखर दहा."

"वीस. झाले पासष्ट. साडेसहा." आणि ताई इन्शुलिनच्या पेनची कळ फिरवायची.

दुधात दोन्ही आकडे सारखेच कसे, हे त्याला खटकलं होतं. पण गणितात ताईला प्रश्न विचारायचा म्हणजे सिंहाच्या तोंडात हात घालायचा. त्यानं पुढचं पाकीट उचललं.

तीन-चार दिवस अकराच्या सुमाराला ताईला गळल्यासारखं व्हायचं. ती म्हणायची, ऊन फार आहे. तो म्हणायचा, झोप कमी झाली. पाचव्या दिवशी ती जिना उतरून दुकानात येऊन बसली आणि चष्म्याच्या काड्या घट्ट करायला आलेल्या गिऱ्हाइकावर डाफरली, "वही कुठाय तुझी? उभा राहा!"

गिऱ्हाईक बँकेतला मॅनेजर. तो कसनुसं हसला. चष्मेवाल्याला आधी ताईचा रागच आला. मग तिच्या कपाळावरचा घाम दिसला.

"ताई, सात आठे किती?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, पण आकडा आला नाही.

त्यानं पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि समोर बसून घोटाघोटानं पाजली. रक्तातली साखर मोजायच्या मशीनवर अट्ठावन्न आले, सत्तरच्या आत म्हणजे धोकाच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ब्याण्णव. मॅनेजर तोवर हातात चष्मा धरून उभाच होता.

"छप्पन्न," ताई एकदम म्हणाली. "आणि हे कोण?"

दुपारी दोघं रिकामी पाकिटं पिशवीत भरून दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाईंनी त्याला एक पाकीट वाचायला लावलं.

"कार्बोहायड्रेट तेहतीस, साखर बारा."

"जसं छापलंय तसं वाचा, काका."

त्यानं भिंग लावलं. "कार्बोहायड्रेट तेहतीस. त्यापैकी साखर बारा."

"घरात माणसं पाच, त्यापैकी मुलं दोन. मग ताटं किती मांडाल?"

"पाच," ताई म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारला. "मूर्खा, 'त्यापैकी' कुठे गेलं होतं?"

"मला वाटलं, उगाच भरतीचा शब्द आहे. आकडे तेवढे वाचत होतो."

"साखर त्या तेहतीसच्याच पोटात. म्हणजे मूसलीचे तेहतीस आणि दुधाचे दहा, त्रेचाळीस! आणि मी इंजेक्शन घेत होते पासष्टचं!"

परतताना ताई म्हणाली, "चूक माझीही आहे. दुधाचे दोन्ही आकडे सारखे आले, तेव्हाच मी थांबायला हवं होतं."

"मला तेव्हाच खटकलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं चालता चालता पिशवीतून एक पाकीट काढलं.

तेव्हापासून तो सगळं वाचतो, कंपनीच्या पत्त्यासकट, आणि ताई वैतागते. अकराची गळती थांबली. गोंधळ मात्र थांबला नाही. 'शंभर ग्रॅममध्ये' आणि 'एका वाढीत', म्हणजे एका वेळच्या खाण्यात, या दोन रकान्यांत तो अजून अडखळतो. पाकिटात अडीच वाढी का असतात, हे तर ताईलाही सांगता येत नाही. परवा त्यानं साखर नसलेल्या चॉकलेटचं वेष्टन वाचलं आणि भिंग काढून तिच्याकडे बघितलं.

"ताई, यात दारू आहे."

"काहीतरीच!"

"शुगर अल्कोहोल, अठरा ग्रॅम. त्यापैकी... नाही, पुढे काहीच नाही."

"दारू नव्हे, साखरेऐवजी घालतात तसलं काहीतरी असेल," ताई वेष्टन डोळ्यांजवळ धरून म्हणाली.

"हे हिशेबात धरायचं की सोडायचं?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? बाईंना फोन लाव," ताई म्हणाली. "आणि तोवर त्याला हात लावू नकोस."