पीटर्सबर्गच्या किल्ल्यात बाबांनी विचारलेला प्रश्न

विमानात बाबांच्या शेजारी बसताना एकच ठरवलं होतं: आठ दिवस दादाचं नाव काढायचं नाही. गव्हाण गावातली आमची शेवटची जमीन टॉवरसाठी द्यायला दादा तयार नव्हता. बाबा बिल्डर. "घरी ये, काय बोलणार नाय," असं सांगून त्यांनी त्याला बोलावलं आणि नातेवाइकांसमोर हक्कसोडपत्रावर सही करून घेतली. चार वर्षं झाली, दादा पेणला राहतो. दोघांत शब्द नाही.

मी खारघरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. सरदारांच्या दाढ्या उतरवणारा, स्वतः कुऱ्हाड घेऊन जहाजं बांधायला शिकलेला, दलदलीत पीटर्सबर्ग ही राजधानी उभारणारा झार मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्याचं शहर बघायचंच होतं. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आपली बँक कार्डं मात्र तिथे चालत नाहीत, रोकड न्या.

पहिले दोन दिवस बाबा खुशीत होते. नेवा नदीकाठचे राजवाडे बघून म्हणाले, "चिखलात भराव टाकून येवढं? मानला याला!" तळलेली कोर्युश्का मासळी त्यांनी दोनदा मागवली.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यातल्या चर्चमध्ये गेलो. झारच्या कबरीवर ताजी फुलं होती.

"आन् याचा पोरगा कुठं हाय?"

मी दाराजवळच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "त्या जिन्याखाली. बापाच्या सुधारणा त्याला पटत नव्हत्या. परदेशी पळाला. माफ करतो म्हणून झारने परत बोलावलं. मग चाबकाचे फटके, देहदंडाची शिक्षा. ती अमलात येण्याआधीच तो या किल्ल्यात कैदेत मेला."

"माफ करतो सांगून बोलावला?"

"हो."

"मला मुद्दाम आनलंस हितं?"

"नाही, बाबा." आवाज माझा मलाच खोटा वाटला.

ते तडक बाहेर पडले. त्या दिवशी जेवले नाहीत. परतीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. आता आपणही दादासारखे तुटलो, अशी धास्ती वाटायची.

पनवेलला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी म्हणाले, "गाडी काढ. पेनला जायचंय."

कर्नाळा मागे टाकून पेणला पोचलो. दादाने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही.

"जमीन आता परत नाय देता येत," बाबा म्हणाले. "पन तुला फसवून बोलावलं मी. त्ये सांगायला आलोय."

 दादा आतून दोन पेले पाणी घेऊन आला. बाबा उंबऱ्याबाहेरच उभ्याने प्यायले.

सोनेरी घुमटांचे, पुलांचे फोटो खाली टाकलेत. जरूर जा. त्या प्रवासातलं माझ्याकडे उरलंय ते पेणचं: आम्ही निघालो तेव्हा दादाने दार लावलं नाही. गाडी वळेपर्यंत तो तिथेच उभा होता.